तिसऱ्यात अडकलेला गिअर: किट कारचा टनेल उघडल्याच्या नोंदी

शनिवार, ५ ऑक्टोबर

चढ संपल्यावर तिसऱ्यातून चौथ्यात टाकायला गेलो, तेव्हा गिअरचा दांडा अर्ध्या वाटेपर्यंत पोकळ सरकला आणि तिथे थांबला. जोर लावला नाही. क्लच दाबून दांडा पुढेमागे आणि डावीउजवीकडे हलवून पाहिला. आडवा तो नेहमीपेक्षा जास्त हलत होता, पण गाडी तिसऱ्यातून बाहेर यायला तयार नव्हती. उरलेला रस्ता तिसऱ्याच गिअरमध्ये कापला. थांबल्यानंतर निघताना क्लच बराच वेळ घासत सोडावा लागला, त्याचा वास अजून नाकात आहे.

पुढे उपयोगी पडेल म्हणून गाडीची माहिती इथे एकदा लिहून ठेवतो. ही किट कार, म्हणजे सुट्या भागांतून स्वतः जोडलेली गाडी, लोटसचे संस्थापक कॉलिन चॅपमन यांनी १९५७ मध्ये आणलेल्या लोटस सेव्हनच्या धाटणीची आहे: चौकोनी पोलादी नळ्यांची चौकट, तिच्यावर ॲल्युमिनियमचा पत्रा, इंजिन पुढे आणि चालना मागच्या चाकांना. गिअरबॉक्स फोर्ड सिएरातून घेतलेला टाइप ९ आहे. पाच पुढचे गिअर, बिडाची मुख्य पेटी, मागे ॲल्युमिनियमचे शेपूट, आणि आत सगळे गिअर निवडणारा एकच सिलेक्टर रॉड. गिअरबॉक्स आणि त्याची चालना मागच्या चाकांकडे नेणारा प्रॉपेलर शाफ्ट दोन सीटच्या मधल्या टनेलमध्ये बसतात. तो टनेल मीच सात वर्षांपूर्वी पत्रा वाकवून, सीलंट लावून आणि रिव्हेट मारून बंद केला, तेव्हा तो पुन्हा उघडावा लागेल असे माझ्या मनातही आले नव्हते.

रविवार, ६ ऑक्टोबर

काहीही खोलण्यापूर्वी दोष नेमका कुठे आहे हे ठरवण्यात सकाळ घालवली. गिअर अडकण्याची तीन कारणे बाहेरून सारखीच दिसतात: क्लच पूर्ण सुटत नसेल, गिअर एकाच जागी अडकला असेल, किंवा एकाच वेळी दोन गिअर लागून पेटी आतून कुलूपबंद झाली असेल. पुढचे काम या तिन्हींत वेगवेगळे असल्याने अंदाजावर चालणे परवडत नाही.

गाडीचा मागचा भाग उचलून स्टँडवर ठेवला, इंजिन बंदच होते. मित्राने क्लच दाबून धरला आणि मी चाक फिरवले. इथे एक फसगत होऊ शकते. पेटी कुलूपबंद असली तरी डिफरेन्शियलमुळे एक चाक पुढे फिरवले की दुसरे उलट फिरते आणि सगळे मोकळे असल्याचा भास होतो. म्हणून चाकाकडे न पाहता प्रॉपेलर शाफ्टकडे पाहावे लागते. मागच्या टोकाला खडूची रेघ मारली, एका बाजूचे चाक लाकडी पाचरीने अडवले आणि दुसरे फिरवले. शाफ्ट फिरला. क्लच सोडताच तो इंजिनाच्या दाबाला अडला. म्हणजे क्लच नीट सुटतो आहे, पेटी कुलूपबंद नाही, आणि एकच गिअर लागून राहिलेला आहे.

तो तिसराच आहे ना, हेही तपासले. चारही प्लग काढले, क्रँकच्या पुलीवर पाना लावून इंजिन हाताने फिरवले आणि खडूच्या रेघेचे फेरे मोजले. या पेटीची गुणोत्तरे पहिल्यापासून पाचव्यापर्यंत ३.६५, १.९७, १.३७, १.०० आणि ०.८२ अशी आहेत. शाफ्टचे १० फेरे होईपर्यंत क्रँकचे १३ फेरे पूर्ण होऊन चौदाव्याचा बराचसा भाग उलटला होता. तिसराच.

दुपारी दांडा काढला. त्यासाठी टनेल उघडावा लागत नाही, रबरी बूट आणि त्याखालचे बोल्ट वरूनच हाताला येतात. दांड्याचे खालचे टोक आणि ते ज्यात बसते ती प्लास्टिकची वाटी दोन्ही शाबूत होती, आणि याची मला थोडी निराशाच वाटली, कारण दोष तिथे सापडता तर काम तासाभराचे होते. मग त्या भोकातून लांब स्क्रूड्रायव्हर घालून सिलेक्टर रॉड ढकलला. रॉड दोनतीन मिलिमीटर सहज सरकला, थोडा स्वतःभोवती फिरलाही, पण पेटीत कसलाच आवाज झाला नाही. रॉड हलतो आणि गिअर लावणारा फोर्क हलत नाही याचा अर्थ दोष त्या दोघांच्या मध्ये आहे. तिथे रॉडवर एका स्प्रिंग पिनने पक्का केलेला सिलेक्टर बॉस असतो, आणि त्याच्याभोवती दोन गिअर एकदम लागू न देणारी इंटरलॉकची पट्टी असते. दोन्ही मुख्य पेटीच्या वरच्या झाकणाखाली आहेत, आणि झाकण टनेलच्या पत्र्याखाली आहे.

बुधवार, ९ ऑक्टोबर

दोन मार्ग होते. या धाटणीच्या गाड्यांत इंजिन आणि गिअरबॉक्स जोडीनेच वरून बाहेर काढण्याची रीत आहे, कारण टनेल मागे निमुळता होत जातो आणि पेटी एकटी मागे सरकवून काढायला जागा उरत नाही. त्यासाठी रेडिएटर, एक्झॉस्ट, इंधनाची नळी, वायरिंग, सगळेच सोडवावे लागते आणि दोन टनी होइस्ट लागतो. दुसरा मार्ग म्हणजे पेटी जागेवर ठेवून टनेलचा वरचा पत्रा काढायचा आणि झाकण वरून उघडायचे. दोष झाकणाखालीच आहे अशी खात्री रविवारच्या तपासणीने दिली नसती, तर मी पहिला मार्ग धरला असता.

दुसऱ्या मार्गाबद्दल एकच शंका होती, आणि तिच्यासाठी आजची संध्याकाळ चौकटीचा नकाशा समोर घेऊन बसलो. टनेलचा पत्रा हे नुसते आवरण नसते. नळ्यांच्या चौकोनी घरांवर रिव्हेटने ताणून बसवलेला पत्रा त्या घरांना तिरके होऊ देत नाही, म्हणून गाडीचा पीळ सोसण्यात त्याचा वाटा असतो. पत्रा काढल्यावर गाडी एकाच कोपऱ्यावर जॅकने उचलणे योग्य होणार नाही. त्यामुळे गाडी आधीच चार स्टँडवर सपाट ठेवायची आणि पत्रा परत बसेपर्यंत हलवायची नाही असे ठरवले.

शनिवार, १२ ऑक्टोबर

दिवसभराचे काम, आणि बहुतेक रिव्हेट काढण्याचे. आधी बॅटरीची अर्थ वायर सोडली, दोन्ही सीट काढल्या, टनेलच्या बाजूला असलेले सीटबेल्टचे बोल्ट आणि हँडब्रेकचा दांडा उतरवला. कार्पेट मी त्या वेळी इतक्या उदार हाताने चिकटवले होते की ते अखंड निघाले नाही. हीट गनने गोंद मऊ करत पट्ट्यापट्ट्यांनी सोलावे लागले. ते फेकून दिले.

टनेलच्या आत डाव्या नळीला लागून मागच्या ब्रेकची नळी जाते, उजवीकडून इंधनाची नळी आणि बॅटरीची जाड केबल. ड्रिल रिव्हेटमधून आरपार गेले आणि हात सटकला तर काय होईल हे सांगायला नको. म्हणून ड्रिल बिटवर ॲल्युमिनियमच्या नळीचा तुकडा असा चढवला की बिटचे टोक जेमतेम ४ मिलिमीटर बाहेर राहील. दांड्याच्या भोकात फडका कोंबून वरून टेप लावली, जेणेकरून कीस पेटीत जाणार नाही.

रिव्हेट काढण्याची एक रीत आहे आणि ती पहिल्या दहा रिव्हेटांत माझी मलाच नव्याने शिकावी लागली. रिव्हेटच्या मध्यभागी पोलादी खिळ्याचा तुटका तुकडा असतो. तो बारीक पंचने आधी खाली ठोकला नाही तर बिट त्यावरून घसरून पत्रा ओरखडते. तो पडल्यावर रिव्हेटच्याच मापाचा, म्हणजे इथे ४ मिलिमीटरचा, बिट लावून फक्त डोके सुटेपर्यंत फिरवायचे. डोके कड्यासारखे बिटवर चढून आले की थांबायचे, उरलेला दांडू पंचने खाली पाडायचा. काही रिव्हेट बिटबरोबर गरगर फिरतात आणि कापलेच जात नाहीत. तिथे धारदार छिन्नीची कड डोक्याखाली सरकवून त्याला धरून ठेवावे लागते, किंवा सरळ छिन्नीनेच डोके उडवावे लागते. एकूण ९४ रिव्हेट निघाले, त्यांतले ११ फिरणारे होते.

रिव्हेट संपले तरी पत्रा हलला नाही, कारण सीलंट. पातळ पुट्टीची पाती दोन पत्र्यांमध्ये सरकवून, कडेकडेने, एकेक हात लांबी सोडवत गेलो. शेवटचा कोपरा सुटला तेव्हा पत्रा एकदम उचलला गेला आणि आतल्या नळीवर माझ्याच अक्षरात, काळ्या मार्करने लिहिलेली सूचना दिसली: “इथे रिव्हेट नको, झाकण ठेवायचे.” त्या शब्दांच्या मधोमध दोन रिव्हेटांची भोके होती.

रविवार, १३ ऑक्टोबर

आधी सफाई. पडलेले पोलादी तुकडे चुंबकाने गोळा झाले, पण ॲल्युमिनियमचे दांडू आणि कीस चुंबकाला दाद देत नाहीत. ते व्हॅक्यूम क्लीनरच्या बारीक नळीने आणि शेवटी रॉकेलात भिजवलेल्या ब्रशने काढले. झाकणाभोवतीची धूळ आणि तेलाचा थर पूर्ण पुसल्याशिवाय झाकण उघडले नाही. उघड्या गिअरबॉक्समध्ये पडलेला वाळूचा कण बेअरिंगपर्यंत पोहोचायला वेळ लागत नाही.

झाकणाच्या पुढच्या दोन बोल्टांवरून चौकटीची एक आडवी नळी जाते. तिच्या आणि बोल्टच्या मध्ये बोट जाईल इतकीच जागा होती, सॉकेट जाणार नव्हते. नळी कापून नंतर वेल्ड करावी असा सल्ला मित्राने दिला. मी तो मानला नाही, कारण ती नळी बरोबर त्या ठिकाणी आहे जिथे इंजिनमागची चौकट अरुंद होते आणि पिळाचा सगळा भार तिच्यावर येतो. त्याऐवजी पेटीच्या शेपटाखाली जॅक आणि लाकडी ठोकळा लावला, मागचे माउंट सोडले आणि शेपूट हळूहळू खाली घेतले. इंजिनाच्या माउंटवर सगळे धूड मागे झुकते, तेव्हा इंजिनाचा मागचा भाग, रेडिएटरचे होज आणि थ्रॉटलची केबल यांवर दर सेंटिमीटरला नजर ठेवली. साधारण ४ सेंटिमीटर उतरल्यावर पुढच्या बोल्टांवर रिंग पाना बसला.

झाकण निघाले. दोष शोधावा लागलाच नाही. सिलेक्टर बॉसच्या वर स्प्रिंग पिनचे टोक जवळजवळ ५ मिलिमीटर बाहेर आले होते आणि इंटरलॉकच्या पट्टीच्या कडेला टेकले होते. स्प्रिंग पिन म्हणजे लांबीभर चिरलेली पोलादी नळी. ती भोकापेक्षा किंचित जाड असते आणि ठोकून बसवल्यावर दाबली जाऊन स्वतःच्या ताणाने भोकाला धरून राहते. ही पिन तो ताण गमावून वर सरकत गेली, बॉसच्या खालच्या भिंतीतून सुटली, आणि त्यामुळे रॉड आणि बॉस यांच्यात तो पोकळपणा आला. तिसऱ्यात असताना तिचे वर आलेले टोक पट्टीच्या पलीकडे गेले आणि परतीच्या वाटेवर तिला अडले. दांड्याने जितके ओढावे तितकी पिन तिरकी होऊन जास्तच रुतत होती. चढाच्या शेवटी मी जोर लावला नाही हे बरे झाले. पट्टी वाकली असती.

संध्याकाळी बांधणीच्या वेळची वही काढली. पेटी सात वर्षांपूर्वी मीच खोलून बेअरिंग आणि सिंक्रो रिंगा बदलल्या होत्या. त्या दिवशीच्या नोंदीत एक ओळ आहे: “बॉसची पिन संचात आली नाही. जुनीच ठोकली, घट्ट वाटते.” स्प्रिंग पिन एकदा काढली की तिचा ताण पहिल्यासारखा राहत नाही, हे मला तेव्हाही ठाऊक होते. पेटी बंद करण्याची घाई झाली होती, एवढेच.

शनिवार, १९ ऑक्टोबर

पिन बाहेर काढताना ती पेटीत पडू न देणे हेच मुख्य काम होते. बॉसच्या खाली आणि दोन्ही बाजूंना धागे न सुटणारा फडका दाबून भरला, त्याचे टोक पेटीबाहेर बांधून ठेवले. मग पक्कडीने पिनचे टोक धरून, रॉड स्क्रूड्रायव्हरने एका मिलिमीटरच्या अंतरात पुढेमागे करत, ताण कुठे सुटतो ते शोधले. तो सुटला तेव्हा पिन सहज वर आली आणि त्याच क्षणी तिसरा गिअर टक् असा आवाज करून न्यूट्रलला आला.

पिन नखावर ठेवून पाहिली. चिरेच्या दोन्ही कडा एकमेकींना चिकटल्या होत्या, आणि एका बाजूला, जिथे रॉडची कड तिच्यावर घासत होती, तिथे तांदळाच्या दाण्याएवढा चकचकीत खाच पडला होता. अजून काही महिन्यांत ती तुटलीच असती, आणि तुकडा दातांमध्ये गेला असता.

बॉस आणि रॉड दोन्हींची भोके लांबट झाली असतील अशी भीती होती. वेगवेगळ्या मापांच्या ड्रिल बिटांचे गुळगुळीत दांडे आत घालून पाहिले. दोन्ही दिशांना माप सारखे आले. भोक लांबट असते तर नवी पिनही टिकली नसती आणि पेटी बाहेर काढण्यावाचून मार्ग नव्हता. इंटरलॉकच्या पट्टीच्या कडेवर उठलेली बारीक धार तेलाच्या दगडाने घासून काढली. घासताना तिच्याखाली ग्रीस लावलेला कागद धरला होता, त्यावर पडलेला कीस कागदासकट उचलला. फोर्कच्या टोकांवरची झीज दोन्ही बाजूंना सारखी आहे.

नवी पिन ठोकताना हातोड्याचा मार रॉडवर जाऊ नये म्हणून बॉसच्या खाली आधार हवा होता. पेटीत सपाट जागा नाही. शेवटी एक जाड पोलादी पट्टी तिरकी कापून गिअरांच्या वरून बॉसखाली सरकवली आणि तिचे बाहेरचे टोक मित्राने दोन्ही हातांनी वर उचलून धरले. तेल लावलेली पिन सहा हलक्या ठोक्यांत बॉसच्या पृष्ठभागाशी समतल झाली. मग सेंटर पंचने भोकाच्या कडेला दोन समोरासमोर खुणा मारल्या, म्हणजे धातू किंचित आत दबून पिनची वाट अडवेल. पुस्तकी दुरुस्तीत हे सांगितलेले नसते, पण ही पिन वर सरकते हे मी डोळ्यांनी पाहिले आहे. शेवटी पिनवरून बॉसपर्यंत पांढऱ्या पेंटची एक बारीक रेघ ओढली.

झाकण लावण्याआधी रॉड स्क्रूड्रायव्हरने फिरवून पाचही गिअर आणि रिव्हर्स लावून पाहिले, प्रत्येकात प्रॉपेलर शाफ्ट हाताने फिरवला. चौथ्यात इंजिन आणि शाफ्ट फेऱ्याला फेरा जुळले.

रविवार, २० ऑक्टोबर

टाइप ९ ला तेल सोडण्याचा प्लग नसतो. फक्त बाजूला भरण्याचा असतो. झाकण उघडे होते म्हणून मोठ्या सिरिंजला पारदर्शक नळी लावून जुने तेल तळातून ओढून काढले. शेवटच्या सिरिंजमध्ये चंदेरी झाक होती, पण बोटांत चोळल्यावर कण लागले नाहीत. चुंबकावर लोखंडी भुकटीची पातळ मिशी आली, तेवढी सात वर्षांत अपेक्षितच आहे. झाकण नव्या गॅस्केटवर बसवले, बोल्ट तिरक्या क्रमाने दोन टप्प्यांत आवळले, शेपूट वर घेऊन माउंट जोडले, आणि बाजूच्या प्लगमधून नवे तेल भरले.

शनिवार, २६ ऑक्टोबर

टनेलचा पत्रा परत बसवण्याचा दिवस. बाजूचे पत्रे रिव्हेटनेच राहतील. वरचा पत्रा मात्र आता स्क्रूने बसेल असे ठरले. नळ्यांतली ४ मिलिमीटरची भोके ७ मिलिमीटर करून त्यांत ५ मिलिमीटरच्या स्क्रूचे रिव्हनट, म्हणजे रिव्हेटसारखे फुगवून बसवायचे आटे असलेले नट, बसवले. भोक जरा जरी मोठे झाले तर रिव्हनट स्क्रूबरोबर फिरतो आणि मग ना आवळता येतो ना सोडता, म्हणून आधी ६.५ चा बिट आणि शेवटचा अर्धा मिलिमीटर रीमरने काढला. दोन रिव्हनट तरीही फिरले. ते काढून नवे बसवले.

स्क्रू किती ठेवावेत यावर मित्राशी बरीच चर्चा झाली. त्याच्या मते वीस पुरे होते, पत्रा उडून जाणार नाही. पण रिव्हेट फुगून भोक पूर्ण भरतो, स्क्रूभोवती मात्र मोकळी जागा राहते, त्यामुळे पत्रा पिळाचा भार स्क्रूच्या दाबाने होणाऱ्या घर्षणातूनच उचलू शकतो. स्क्रू कमी केले की तो वाटा कमी होतो. गिअरबॉक्सवरच्या पट्ट्यात प्रत्येक जुन्या भोकाला, म्हणजे सुमारे ५० मिलिमीटरवर, आणि मागे एकाआड एक, असे ६२ स्क्रू झाले. पोलादी नळी आणि ॲल्युमिनियम यांच्यात ओल साचली की ॲल्युमिनियम आधी खाल्ले जाते, म्हणून दोघांच्या मध्ये सीलंटऐवजी फोमची पातळ चिकटपट्टी लावली. ती ओलही अडवते आणि पुढच्या वेळी पुट्टीची पाती लागणार नाही. सीटबेल्टचे बोल्ट टॉर्क रेंचनेच आवळले. मार्करची ती सूचना पुसली नाही.

रविवार, २७ ऑक्टोबर

गाडी स्टँडवरून उतरवली आणि ४० किलोमीटर चालवली. गिअर पडतात, दांड्यातला आडवा पोकळपणा गेला आहे. तिसऱ्यातून चौथ्यात टाकताना पहिल्या काही वेळा हात आपोआप आखडत होता. वेग वाढल्यावर टनेलच्या मागच्या भागातून पत्र्याची गुणगुण येते, पूर्वी ती नव्हती. जिथे एकाआड एक स्क्रू आहेत तिथूनच ती येते हे हात ठेवून पाहिले. मित्राला याबद्दल अद्याप सांगितलेले नाही.

शनिवार, ९ नोव्हेंबर

मधल्या भोकांतही रिव्हनट बसवले आणि गुणगुण थांबली. एकूण स्क्रू आता ८८. एवढ्या दिवसांत ३०० किलोमीटर झाले होते, म्हणून आज वरचा पत्रा मुद्दाम काढला. कार्पेट अजून बसवलेले नसल्याने सीट हलवण्यापासून पत्रा हातात येईपर्यंत ३५ मिनिटे लागली. पुढचे दोन बोल्ट सोडायला शेपूट पुन्हा उतरवावे लागले, त्यात आणखी तासभर गेला. पिनवरून बॉसपर्यंत ओढलेली पांढरी रेघ अखंड आहे. झाकण नव्या गॅस्केटवर लावले. कार्पेट आता चिकटवणार नाही, कडेला बटणे लावून बसवणार.